नुसतं बसायला

‘प्रश्न आला की आधी छताकडे बघायचं,’ लोहारे म्हणाला. ‘मनात तीन आकडे म्हणायचे. मग म्हणायचं, सर, आत्ता आठवत नाही.’

‘आणि उत्तर येत असेल तर?’ महानंदाने विचारलं.

‘येत असलं तरी आठवत नाही. नाही तर तुम्हाला नेतात कशाला, ताई?’

आम्ही तिघं आमच्या परभणीच्या घराच्या पुढच्या खोलीत बसलो होतो. एकोणीसशे एकोणनव्वद सालचा जून, बारा तारीख, सोमवार. बुधवारी चौदा तारखेला वडजळीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या अधिव्याख्यात्याची मुलाखत होती. जागा एक होती, पूर्ण पगाराची, कायम. ती माझी होती. माझे दत्तामामा त्या संस्थेचे सहचिटणीस होते आणि त्यांनी तसं आईला सांगून ठेवलं होतं.

पण मुलाखतीला कमीत कमी तीन उमेदवार हजर लागत. तीन नसले तर मुलाखत रद्द, पुन्हा जाहिरात, पुन्हा सहा-आठ महिने. म्हणून ज्याची जागा ठरलेली असे तोच आणखी दोघांना शोधून आणायचा. याला आमच्यात ‘बसायला नेणं’ म्हणत. आज तू माझ्यासाठी बस, उद्या मी तुझ्यासाठी. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं.

लोहारे नांदेडला तासिका तत्त्वावर शिकवायचा आणि आमच्याहून तीन वर्षांनी पुढे होता. ‘माझी ही नववी,’ तो आईच्या हातातून चहाचा कप घेत म्हणाला. ‘आठ जण लागले माझ्यामुळं. पायगुणच तसा आहे. फक्त स्वतःच्या दारात पाय पडंना.’

महानंदा स्वामी माझ्याबरोबर एम.एस्सी. झालेली. माझे त्रेसष्ट टक्के, तिचे एकसष्ट. औरंगाबादला वसतिगृहात दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो होतो. आता ती परभणीतच, भावाकडे राहत होती. भावाचं म्हणणं होतं, शिकवायचं तर गावातल्या कन्याशाळेत शिकव, बाहेरगावी एकटी राहायचं नाही. तिने बाहेर कुठे अर्ज केला हे त्याला कळायला नको होतं. म्हणून अर्ज भरताना तिनेच सांगितलं होतं, ‘पत्ता तुझाच घाल. घरी कॉल लेटर आलं तर दादा दहा प्रश्न विचारेल.’ तिघांचेही अर्ज मीच भरले, कारण माझं अक्षर चांगलं. तिच्या नावाखाली ‘द्वारा कु. रेवती मानवतकर’ असं लिहिलं आणि खाली आमच्या घराचा पत्ता.

‘मला दोनच प्रश्न सांगा,’ महानंदा लोहारेला म्हणाली. ‘खरंच आठवत नाहीत असे. म्हणजे खोटं बोलावं लागणार नाही.’

‘कठीण आहे बाई तुमचं,’ लोहारे म्हणाला.

मामांनी मला दोन प्रश्न कळवले होते. प्राचार्य सी-फोर चक्र विचारणार होते आणि तिथले विभागप्रमुख सायकसचं जीवनचक्र. मी दोन्ही आकृत्यांसह पाठ केले. महानंदाने माझी तयारी करून घेतली. ती प्राचार्य व्हायची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायची आणि म्हणायची, ‘मिस मानवतकर, ज्वारीला हे चक्र का परवडतं आणि गव्हाला का नाही?’ मी चुकले की ती सांगायची. हे सगळं तिला येत होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याचा विचार करायचं कारण नव्हतं, इतकंच.

*

वडजळीचं कॉलेज गावाबाहेर, माळावर. आवारात झाडं म्हणावी अशी नव्हती. कुंपणाला लागून रुई माजली होती. आम्ही सकाळी साडेनऊला पोचलो. व्हरांड्यात बाकावर बसलो. शिपायाने नावं आडनावांप्रमाणे पुकारली: मानवतकर, लोहारे, स्वामी.

आत चौघं होते. प्राचार्य, विभागप्रमुख, संस्थेतर्फे मामा, आणि विद्यापीठाने पाठवलेले तज्ज्ञ, डॉ. जहागीरदार. मामांनी मला ओळख दाखवली नाही. सी-फोर झालं, सायकस झालं. प्राचार्य मान हलवत होते. जहागीरदार काही बोलत नव्हते. ते सत्तरीच्या जवळचे वाटत होते, पण तेवढे नसणार. शेवटी त्यांनी समोरचा रुमाल उलगडला. त्यात रुईच्या फुलांचा एक झुबका होता. येताना तोडून आणला असावा, देठाला चीक ताजा होता.

‘याचे परागकण बाहेर कसे पडतात?’ त्यांनी विचारलं.

ते मला येत होतं. रुईचे परागकण सुटे नसतात. ते दोन पिवळ्या पुड्यांत भरलेले असतात आणि त्या पुड्या एका काळ्या ठिपक्याला दोन्ही बाजूंनी लटकलेल्या असतात. ठिपक्याला बारीक फट असते. कीटकाचा पाय त्या फटीत अडकला आणि तो जोर लावून उडाला, की जोडी त्याच्या पायाबरोबर बाहेर ओढली जाते. मी हे सगळं इंग्रजी संज्ञांसह सांगितलं.

‘बरोबर,’ ते म्हणाले. ‘आता काढून दाखवा.’

त्यांनी टाचणी पुढे केली. मी फूल हातात घेतलं. फट कुठे असते हे मला आकृतीत माहीत होतं. टाचणी घुसली ती बाजूला, मधला मुकुट दबला आणि चीक आला. मी पुन्हा प्रयत्न केला. फूल मोडलं.

‘ठीक आहे,’ जहागीरदार म्हणाले. ‘या आता.’

मी आत बारा मिनिटं होते. मग लोहारे गेला आणि चार मिनिटांत बाहेर आला. ‘छत बघून आलो,’ तो म्हणाला. ‘पंखा बंद आहे.’

महानंदा गेली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. लोहारे घड्याळ बघायला लागला. आतून कुणीतरी हसल्याचा आवाज आला, मग महानंदाचा आवाज, सलग, बराच वेळ. पंचवीस मिनिटांनी ती बाहेर आली. दोन्ही हात पुढे धरलेले, बोटं चिकाने चिकट झालेली.

‘ताई, काय केलंत आत?’ लोहारे म्हणाला. ‘मी काय शिकवलं होतं?’

‘पहिल्या दोन प्रश्नांना म्हटलं की, आठवत नाही. छताकडेही बघितलं.’ ती माझ्याकडे वळली. ‘मग त्यांनी फूल दिलं गं हातात. फुलाला कसं म्हणू, आठवत नाही?’

तिने खांद्यावरची पदराची पिन काढून त्या फटीत सरकवली होती आणि वर ओढली होती. जोडी आली. जहागीरदारांनी खिशातून भिंग काढून ती पाहिली आणि म्हणाले, आणखी एक. तिने एका फुलातल्या पाचही जोड्या काढून त्यांच्या रुमालावर ओळीने मांडल्या. त्यानंतर त्यांनी रुईवर कोणते कीटक येतात ते विचारलं. मग परभणीच्या माळावर ती काय काय गोळा करते ते विचारलं. मग ते दोघं नुसते बोलतच बसले.

‘चूक झाली का?’ तिने विचारलं.

‘नाही,’ मी म्हटलं.

तिने नळावर हात धुतले. रुईचा चीक पाण्याने जात नाही. परतीच्या गाडीत ती बोटं एकमेकांवर घासत होती आणि खिडकीबाहेर बघत होती. लोहारे जिंतूरच्या फाट्यावर नांदेडची गाडी धरायला उतरला. उतरताना मला म्हणाला, ‘ऑर्डर आली की कळवा. माझ्या वेळेला तुम्ही दोघी यायचं. पण या ताईंना तोंडाला चिकटपट्टी लावून आणा.’

आम्ही तिघंही हसलो.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा घरी आले. चप्पल काढतानाच म्हणाले, ‘त्या म्हाताऱ्याने घोळ केला.’

आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली. मामा खुर्चीत बसले.

‘सही करीना. म्हणाला, पहिलं नाव स्वामीचं लिहा, नाही तर मी वेगळा शेरा लिहून विद्यापीठाला पाठवतो. प्राचार्यांनी समजावलं, मी समजावलं. ऐकायला तयार नाही. शेवटी इतिवृत्तात तिचं नाव पहिलं गेलं. तुझं दुसरं, प्रतीक्षा यादीवर.’

‘म्हणजे आता?’ आईने विचारलं.

‘आता काही नाही, अक्का. ऑर्डर आधी त्या पोरीला काढावी लागते. मिळाल्यापासून पंधरा दिवसांत ती हजर झाली नाही की हिची निघते. आणि ती काय हजर होणार आहे? ती तर आपणच आणलेली.’ ते माझ्याकडे वळले. ‘बाळ, तिच्याकडून दोन ओळी लिहून घे. वैयक्तिक अडचणीमुळे रुजू होऊ शकत नाही. सही, तारीख. म्हणजे पंधरा दिवस थांबायला नको.’

त्यांनी तो मजकूर माझ्या वहीत स्वतः लिहून दिला. जाताना आईला म्हणाले, ‘डमी म्हणून न्यायची तर जरा ठोकळी तरी न्यायची.’

शुक्रवारी मी तो कागद घेऊन महानंदाकडे गेले. ती गच्चीवर चादरी वाळत घालत होती. तिची वहिनी खाली होती, म्हणून आम्ही हळू बोललो.

‘रागावलीस ना?’ तिने मी बसायच्या आत विचारलं.

‘कशाला?’

‘मी फार बोलले तिथे. रात्री झोपताना लाज वाटली.’ तिने चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि आम्ही ती दोन्हीकडून ताणून झटकली. ‘पण खरं सांगू? मला जराही घाम आला नाही. एरवी तोंडी परीक्षेत माझी काय अवस्था व्हायची तू बघितली आहेस. इथे माहीत होतं, नोकरी तुझी आहे. मग भीती कशाची? म्हणून सगळं आलं.’

मी चादर दोरीवर टाकली.

‘आणि कुणी मला प्रश्न विचारून उत्तराची वाट बघतंय, असं वर्षभरात झालं नव्हतं. इथे वहिनी विचारते, भाजी कुठली करू, आणि स्वतःच चिरायला घेते.’ ती हसली. ‘तू बोलत का नाहीस? काम होतं का काही?’

कागद माझ्या पर्समध्ये होता. तो पुढे केला असता तर तिला आधी सांगावं लागलं असतं की तिचं नाव पहिलं आहे.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘सहज आले होते.’

*

तेवीस जूनला, शुक्रवारी, पोस्टमन खिल्लारे आला. आई देवळात गेली होती.

‘रेवतीताई, महानंदा स्वामी कोण? तुमच्या पत्त्यावर आहे. रजिस्टर.’

‘मैत्रीण आहे माझी.’

‘आहे का घरात?’

‘नाही.’

‘मग तुम्हीच करा सही. तिच्या नावानं करा पण. तुमच्या नावानं केली तर साहेब परत पाठवतील.’

त्याने पोचपावतीचं कार्ड आणि शाई गळणारं पेन पुढे केलं. दोन वर्षं आम्ही एकमेकींच्या प्रॅक्टिकलच्या हजेरीच्या सह्या करत होतो. तिचा ‘म’ मला यायचा. मी सही केली आणि तारीख घातली.

पाकीट मी उघडलं नाही. माझ्या खोलीत वनस्पती वाळवायचा लाकडी प्रेस होता, पट्ट्यांनी आवळलेला. त्यात त्या आठवड्यात पाच नमुने होते. पाकीट मी सगळ्यात खालच्या वर्तमानपत्रात ठेवलं आणि पट्टे आवळले. दर दोन दिवसांनी दमट कागद बदलायचे असतात. मी ते वेळेवर बदलत होते.

मामांना मी सांगितलं की तिला पत्र मिळालंय आणि ती जाणार नाही. मामांनी लिहून घेतलंस का विचारलं. मी म्हटलं, तिच्या भावाला कळू द्यायचं नाही, म्हणून ती काही लिहून देत नाही. पंधरा दिवस थांबू. मामा म्हणाले, ‘हुशार आहे पोरगी.’ कुणाबद्दल म्हणाले ते कळलं नाही.

मंगळवारी महानंदा आली. आईने तिला धपाटी वाढली. ती स्वयंपाकघरातच पाटावर बसून खात होती.

‘तुझी ऑर्डर आली का गं?’

‘नाही अजून.’ हे खरं होतं.

‘येईल. सरकारी गाडा असाच चालतो.’ मग तिने आईकडे बघत, थट्टेच्या सुरात विचारलं, ‘आणि माझ्या नावानं काही? नकाराचं तरी? म्हणे मोठ्या कॉलेजात नकारसुद्धा टाइप करून पाठवतात.’

‘नाही,’ मी म्हटलं.

‘आलं तर फेकू नकोस हं. मी ठेवीन. माझ्या नावाला कुमारी एवढंच लागतं घरी. तिथं कंसात एम.एस्सी. तरी लिहिलेलं असेल.’

आई म्हणाली, ‘आणखी एक घे.’ तिने घेतलं.

आठ जुलैला पंधरा दिवस संपले. तेराला माझी ऑर्डर आली. सोळाला, रविवारी, मी वडजळीला निघाले, तेव्हा महानंदा स्टँडवर आली होती. गाडी लागताच गर्दीतून पुढे घुसून तिने खिडकीतून रुमाल टाकला आणि माझी जागा धरली. माझी वळकटी तिनेच टपावरच्या माणसाकडे दिली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने कंडक्टरला सांगितलं, ‘मॅडम आहेत बरं का, कॉलेजच्या. नीट उतरवा.’

*

ऑगस्टची एक तारीख होती, मंगळवार. मी प्रयोगशाळेत दुपारच्या प्रॅक्टिकलची मांडामांड करत होते. सूक्ष्मदर्शक पुसून ठेवले होते. दारात महानंदा दिसली. खांद्याला पिशवी, साडीच्या निऱ्यांना चिखल.

‘अगं, तू?’ मी म्हटलं. ‘कळवायचं तरी.’

‘ऑफिसात गेले होते आधी,’ ती म्हणाली. आत येऊन एका स्टुलावर बसली. मी समोर उभी राहिले.

‘शनिवारी औरंगाबादला गेले होते. पीएच.डी.च्या नोंदणीचं विचारायला. तिथे जहागीरदार सर भेटले. त्यांनी विचारलं, काय, रमलात का वडजळीला?’

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं.

‘मी म्हटलं, सर, ती मी नाही, माझी मैत्रीण. ते म्हणाले, नाही, नाही, मी तुमच्याचबद्दल विचारतोय.’

मी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.

‘म्हणून ऑफिसात जाऊन विचारलं. कारकून भला आहे. त्याने फाइलच पुढे केली. म्हणाला, बाई, ऑर्डर तर तुम्हाला मिळाली, ही बघा तुमची सही.’ तिने पिशवी खांद्यावरून काढून मांडीवर घेतली. ‘चांगली केली आहेस. मीसुद्धा दोनदा बघितली.’

‘महानंदा...’

‘पत्र कुठे आहे?’

‘परभणीला. घरी.’

‘उघडलंस?’

‘नाही.’

‘मग आत काय आहे ते कसं कळलं?’

‘मामांनी सांगितलं होतं.’

‘कधी?’

‘मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी.’

तिने जरा हिशेब केला. प्रयोगाच्या नोंदी लावताना करायची तसा, ओठ न हलवता. ‘म्हणजे गच्चीवर आलीस तेव्हा तुला माहीत होतं.’

‘हो.’

‘आणि मी तुला चादर झटकायला लावली.’

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. इतके दिवस मी काय बोलायचं ते ठरवलं होतं, अगदी मुद्द्यांसह. मी एवढंच म्हटलं, ‘तू तक्रार कर. मी नाकारणार नाही.’

‘कुणाकडे करू?’ तिने विचारलं, खरंच विचारावं तसं. ‘पहिला प्रश्न काय येईल? तुमचं पत्र हिच्या पत्त्यावर का? मग सांगावं लागेल की अर्जच हिने भरला होता. का भरला होता? कारण मी नुसतं बसायला आले होते. नोकरी नको होती मला, असं मीच आधी कबूल केलंय की. तू, मी, लोहारे, तिघंही खोटेच. आणि हे सगळं पेपरात आलं तर दादा मला कन्याशाळेतही पाठवणार नाही.’

तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट प्याली, झाकण नीट फिरवून बंद केलं.

‘एक काम कर,’ ती म्हणाली. ‘अर्जाबरोबर माझ्या मार्कशीटच्या साक्षांकित प्रती लावल्या होत्या. पुढच्या अर्जाला लागतील. पुन्हा साक्षांकित करायला कोण दारात उभं करतं? तू इथली आहेस. तुला देतील.’

मी ऑफिसात गेले. कारकुनाने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने फाइलची दोरी सोडली, चार कागद काढून दिले आणि दोरी पुन्हा बांधली. मी परत आले तेव्हा महानंदा एका सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. मी मांडलेली स्लाइड धूसर होती. तिने ती नीट फोकस केली होती.

तिने कागद घेतले, दहावीपासून क्रमाने लावले, पिशवीत ठेवले आणि उठली.

तेव्हा मी ते विचारलं. न विचारता राहवलं नाही. ‘मी त्या दिवशी तुला सांगितलं असतं, लिहून दे म्हटलं असतं, तर दिलं असतंस?’

मला वाटतं, तिने हो म्हणावं म्हणून मी विचारलं होतं. ती हो म्हणाली असती तर मी आयुष्यभर स्वतःला सांगू शकले असते की जागा तशीही माझीच झाली असती.

तिने विचार केला. ‘नाही,’ ती म्हणाली. ‘नसतं दिलं. दादाशी भांडून आले असते इथे.’ पिशवीचा बंद तिने खांद्यावर घेतला. ‘पण तू विचारायचं होतंस, रेवती. मग भांडलो असतो आपण.’

‘थांब, चहा तरी...’

‘साडेतीनची गाडी आहे.’

ती गेली. व्हरांड्यातून बी.एस्सी.ची मुलं येत होती. तिला आडवी आली तशी बाजूला झाली. एकाने तिला नवीन मॅडम समजून नमस्कार केला आणि तिने मान हलवून तो घेतला.

*

तिने तक्रार केली नाही. मी त्या कॉलेजात चौतीस वर्षं नोकरी केली, शेवटची अकरा विभागप्रमुख म्हणून. महानंदाचं लग्न उदगीरला झालं एवढं आईकडून कळलं. पुढचं कळलं नाही. ती कुठे शिकवते का, हे मला कुणाला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

विद्यापीठाच्या तज्ज्ञांच्या यादीत माझं नाव बरीच वर्षं आहे. जून-जुलैत कुठल्या ना कुठल्या कॉलेजात मला मुलाखती घ्यायला बोलावतात. उमेदवार आत आला की मिनिटभरात ओळखू येतं, कोण नोकरीसाठी आलंय आणि कोण बसायला आलंय. जी मुलगी छताकडे बघून आठवत नाही म्हणते, तिला मी दुसरा प्रश्न विचारते, मग तिसरा, आणि उत्तराची वाट बघते. कधी कधी तिला सगळं येत असतं. अशा मुलीला मी पूर्ण वेळ देते. मग ती बाहेर जाते, प्राचार्य इतिवृत्त माझ्यापुढे सरकवतात, आणि त्यात ज्याचं नाव आधीच पहिलं लिहिलेलं असतं त्याच्याखाली मी सही करते.